तिरप्या नजरेची फौज

प्रेमराज बऱ्हाटे यांच्या फौजेत पहिली गडबड झाली ती एका घोडेस्वाराच्या उजव्या डोळ्यावरून. तो डोळा डोळ्याच्या जागी नव्हता. गालाच्या वरच्या अंगाला, जिथं लहान मुलाला गालबोट लावतात साधारण तिथं तो बसला होता, आणि त्यातून तो स्वार मोठ्या विश्वासानं जगाकडे बघत होता.

फौज म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या सैनिकांची. रेझिनचे करडे, कोरे पुतळे पार्सलनं यायचे आणि नाना, म्हणजे प्रेमराजच, त्यांना माणसात आणायचे. अंगरखा, पगडी, शेला, ढालीवरची फुलं, घोड्याच्या खोगिराची झालर, आणि सगळ्यात शेवटी डोळे. दीपनगरच्या वीज केंद्रात उभी नोकरी मीटरचे काटे तपासण्यात गेलेली असल्यामुळे नानांना बारकाव्याचं व्यसन होतं. निवृत्त झाल्यावर इतर लोक नातवंडं आणि गुडघे सांभाळतात, नानांनी अठराव्या शतकातलं मराठी सैन्य सांभाळायला घेतलं. जळगावच्या त्यांच्या कॉलनीत "नाना कुठे आहेत?" असं कुणी विचारलं तर त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाई "फौजेत आहेत" असं सांगत. यामुळे एक नवीन पोस्टमन बरेच दिवस नानांना सलाम ठोकत होता. नानांनी त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

तर त्या वर्षी धुळ्याहून अभिमन देवरे सरांचा फोन आला. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि तिथल्या इतिहासप्रेमी मंडळाचे सचिव. मंडळाचं पहिलंच प्रदर्शन होतं.

"नाना, जुनी नाणी मिळाली, तलवारी मिळाल्या, एक फुटकं चिलखतही मिळालं," सर म्हणाले. "पण मुलं बघायला येतात ती लढाई. तुमची सगळी फौज पाहिजे. मधल्या टेबलावर मांडू. नाव तुमचं मोठ्या अक्षरात."

मोठ्या अक्षरात हे शब्द सरांनी सहज वापरले होते, पण ते नानांच्या काळजात शिरले. त्यांनी होकार दिला, दोन तोफांसह नवे पुतळे मागवले आणि कामाला लागले. अंगरखे झाले, घोडे झाले. मग डोळ्यांची पाळी आली.

या आकाराच्या सैनिकाचा डोळा राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान असतो. आधी पांढरा ठिपका, त्यात काळा, मग कडेनं अंगाच्या रंगाची एक रेघ. हे सगळं श्वास रोखून करायचं, कारण श्वास सोडला की बुबुळ कपाळावर जातं. सुरुवातीच्या वर्षांत नाना हे काम रेडिओवर बातम्या ऐकत करायचे. आता पासष्टीला आल्यावर श्वास रोखला की हात थरथरायचा, आणि हात स्थिर झाला की आपण नेमक्या कोणत्या सैनिकासमोर बसलोय हेच दिसायचं नाही. अंदाजानं ठिपका द्यायचा आणि पुढं जायचं, असं सुरू झालं.

एका दुपारी सुलक्षणाबाई मेथी निवडत टेबलाशी येऊन बसल्या. बराच वेळ त्या घोडदळाकडे बघत राहिल्या.

"अहो, हे सगळे तिकडे काय बघून राह्यले?"

"कुठे तिकडे?"

"डावीकडे. सगळेच्या सगळे. लग्नाच्या पंगतीत वाढपी कधी येतो म्हणून बघतात तसे."

नानांनी चष्मा वर केला, खाली केला, काढला, पुसला आणि परत लावला. मग शांतपणे सांगितलं, "शत्रू डावीकडून येतोय."

हे उत्तर त्यांनाच इतकं आवडलं की त्यांनी लगेच मांडणीचा नवा आराखडा काढला आणि शत्रूला डावीकडे नेलं. पण पुढच्या आठवड्यात पायदळाचे डोळे झाले ते सगळे उजवीकडे. आता फौज दोन्ही बाजूंनी वेढली गेली. एक भालाईत तर थेट आभाळाकडे बघत होता. सुलक्षणाबाईंनी विचारलं, "याला काय पाऊस दिसतो?" तेव्हा नाना म्हणाले की इतिहास हा विषय घरात चर्चा करण्याचा नाही. तू पुस्तकं वाचली आहेस का? मी वाचली आहेत. यापुढे रंगाबद्दल, डोळ्यांबद्दल, कशाबद्दलही कुणी बोलायचं नाही.

सुलक्षणाबाई मूळच्या असोद्याच्या. तिकडची माणसं वाद घालत नाहीत, लक्षात ठेवतात. त्या मेथी घेऊन आत गेल्या.

शेवटी नानांनी लढाईच रद्द केली आणि फौज मुक्कामाला उतरवली. मुक्कामावर माणूस कुठंही बघू शकतो. कुणी चुलीकडे, कुणी घोड्याच्या चाऱ्याकडे, कुणी नुसता आभाळाकडे. देवरे सरांना त्यांनी फोनवर कळवलं की लढाया सगळेच दाखवतात, आपण फौजेचं रोजचं जगणं दाखवू. सर भारावून गेले. हा विचार कुणी केलाच नव्हता, असं म्हणाले. ते खरंच होतं.

पण डोळे सुधारायला हवे होतेच. नाना सैनिक हातात धरून गॅलरीत उजेडाला बसायला लागले, आणि गॅलरीत बसलेला माणूस हा कॉलनीचा असतो.

समोरच्या बेबाबाईंनी सल्ला दिला की त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा आणि रात्री तळपायाला गाईचं तूप चोळा. नानांनी दोन्ही केलं. त्रिफळ्यानं डोळे लाल झाले आणि तुपानं ते बाथरूमच्या दारात घसरले. बेबाबाई म्हणाल्या की तूप म्हशीचं असणार. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी पहाटे दवात अनवाणी चालायला सांगितलं. कॉलनीतलं एकमेव गवत पाण्याच्या टाकीशेजारी होतं आणि ते कॉलनीतल्या एकमेव गाढवाचं होतं. गाढवाचा हक्क जुना असल्यानं नानांनी तो उपाय सोडला.

मग लखीचंदशेठ आले. शेजारचे शेठ, सराफ बाजारात तीन पिढ्यांचं दुकान. त्यांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं.

"प्रेमराजभाऊ, हे डोळ्याच्या खोबणीत धरायचं. हिऱ्यातला केस दिसतो याच्यात. तुमचा घोडेस्वार काय चीज आहे?"

नानांनी भिंग खोबणीत धरलं आणि दचकले. समोर घोडेस्वाराचं तोंड एखाद्या होर्डिंगएवढं आलं होतं. नाकाच्या पोकळीत रंगाचा गोळा, मिशीत धूळ, आणि डोळे असे की कुठल्याही आईला रडू यावं. आता सगळं दिसत होतं, फक्त ब्रश दिसत नव्हता. तो कुठून तरी केरसुणीसारखा आडवा यायचा आणि नाकावर आपटायचा. ब्रश जवळ आहे की लांब, हे एका डोळ्याला कळेना. दोन दिवसांत पाच सैनिकांची नाकं पांढरी झाली.

"आमच्याकडं हे शिकायला कारागिराला वर्षं लागतात," लखीचंदशेठ म्हणाले.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

भिंगाचा आणखी एक परिणाम झाला. ते दिवसभर खोबणीत दाबून धरल्यामुळे नानांच्या उजव्या डोळ्याभोवती काळंनिळं कडं उमटलं. सुलक्षणाबाईंच्या भजनी मंडळात दबक्या आवाजात चौकशी झाली. एकीनं तर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तुझं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही, पण म्हाताऱ्या माणसावर हात उचलू नये. सुलक्षणाबाई घरी आल्या, त्यांनी भिंग लखीचंदशेठांना परत नेऊन दिलं आणि नानांना सांगितलं की उद्या डॉक्टर.

नाना म्हणाले, "प्रदर्शन होऊ दे."

असं म्हणून त्यांनी ब्रश धुतला आणि चहाचा घोट घेतला. घोट गिळून म्हणाले, "आज साखर विसरलीस."

"साखर नाही विसरली," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "चहा तुमच्या डाव्या हाताला आहे. त्यात तुम्ही ब्रश धुतला. प्याले ते रंगाचं पाणी."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टर मेघा यांच्या दवाखान्यात होते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या नानांनी एक दक्षता घेतली. आतला रोगी तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होता, ती त्यांनी पाठ केली. त्यांची पाळी आली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले आणि डॉक्टरांनी सांगायच्या आत शेवटच्या ओळीपर्यंत घडाघड म्हणून मोकळे झाले. डॉक्टर मेघा वयानं लहान, त्यांच्या पुतणीएवढ्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"काका, छान. पण तो आधीच्या पेशंटचा इंग्रजी तक्ता होता. तुमच्यासाठी मी मराठी लावलाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डावा चांगलाच पिकलेला. ऑपरेशन आधी डाव्याचं, उजव्याचं नंतर बघू, असं ठरलं. नानांना मानहानी वाटली ती ऑपरेशनची नव्हे, पिकलेला या शब्दाची. केळीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला पिकल्यानंतर काय होतं ते ठाऊक असतं.

पुढचा अडथळा मंजुरीचा. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय योजनेत नाव असलं तरी आपण तेच आहोत हे यंत्राला पटवावं लागे. सेवा केंद्रावरच्या माणसानं बोट ठेवायला सांगितलं. यंत्र म्हणालं, जुळत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. इतक्या वर्षांच्या थिनरनं आणि रंगानं नानांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या.

"मग डोळा बघू," तो माणूस म्हणाला. नानांनी यंत्राला डोळा लावला. यंत्रानं बराच विचार केला आणि परत नकार दिला. "काका, डोळ्यात ढग आहेत. मोतीबिंदू असला की घेत नाही हे."

"मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचीच मंजुरी पाहिजे," नाना म्हणाले.

"हो, पण त्यासाठी डोळा स्वच्छ लागेल."

नानांनी हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. वीज केंद्रात त्यांनी पुष्कळ साहेब पाहिले होते, पण इतकं निर्दोष वाक्य एकाही साहेबाला जमलं नव्हतं. घरी येऊन सुलक्षणाबाईंनी त्यांचे हात चिंचेच्या कोळानं आणि मिठानं, समया घासतात तसे घासले. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी जुळली. नानांच्या उभ्या देहात तेवढी करंगळी प्रेमराज बऱ्हाटे निघाली आणि तिच्या जोरावर बाकीच्यांना मंजुरी मिळाली.

ऑपरेशनच्या आधी फौज धुळ्याला पोचवायची होती, कारण नंतर डॉक्टर धुळीत जाऊ देणार नव्हत्या. लखीचंदशेठांनी गाडी काढली. मागच्या सीटवर सुलक्षणाबाई आणि त्यांच्या मांडीवर थर्माकोलच्या खोक्यात अख्खं सैन्य. दिवस नेमके निवडणुकीचे. पारोळ्याच्या पुढे नाकाबंदीवर गाडी थांबवली.

"खोक्यात काय आहे?" तपासणी पथकाच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

नाना खरं बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "फौज आहे. घोडदळ, पायदळ आणि दोन तोफा."

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. "तोफा? कुणाच्या?"

"माझ्याच."

त्या भागातल्या एका अपक्ष उमेदवाराचं चिन्ह तोफ होतं, हे नानांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. अधिकाऱ्याला मात्र चांगलंच माहीत होतं. खोकं बोनेटवर ठेवून उघडण्यात आलं. एक हवालदार वाकून आत बघायला लागला. तो धुळ्याकडचा असावा.

"सायेब, हाई बठ्ठं सैन्य तिरपंच देखी ऱ्हायनं," तो म्हणाला.

"मुक्कामाला आहेत ते, कुठंही बघतील," नाना ताठपणे म्हणाले.

"ते असू द्या," अधिकारी म्हणाला. "तोफा वाटायला नेताय का?"

"वाटायला दोन तोफा कोण नेईल? दोन मतांसाठी?" लखीचंदशेठ मध्येच बोलले. त्यामुळे पंचनामा झाला. त्यात घोडे, सैनिक आणि तोफा यांच्यापुढे प्रत्येकी कंसात 'लहान' असं लिहावं, एवढा नानांचा आग्रह मान्य झाला नाही, त्यामुळे सरकारी दप्तरात त्या दिवशी एका सराफाच्या गाडीतून घोडदळ गेल्याची नोंद आहे. देवरे सरांना फोन लावला, त्यांनी पलीकडून पंधरा मिनिटं इतिहास सांगितला आणि अधिकारी थकला. मतदान होईपर्यंत तोफा झाकून ठेवायच्या या अटीवर सैन्याला पुढं सोडलं. सुलक्षणाबाईंनी पर्समधून दोन हातरुमाल काढून दोन्ही तोफा गुंडाळल्या.

धुळ्यात सरांनी सैनिक एकेक करून उचलून पाहिले. "नाना," ते हळूच म्हणाले, "अंगरख्यांचा रंग... काय अभ्यास आहे तुमचा."

नानांनी नम्रपणे मान लववली. शुभ्र अंगरख्यांसाठी त्यांनी खरंच कष्ट घेतले होते. हल्ली बाजारात पांढरा रंग चांगला येत नाही, पिवळट असतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून धोतराला नीळ घालतात तसा पांढऱ्यात निळ्याचा थेंब टाकून ते रंग उजळून घेत. एका थेंबानं भागलं नाही तर आणखी.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली.

घरी आल्यावर नाना थांबेनात. "हा फ्रिज पांढरा आहे," ते म्हणाले. मग गॅलरीत गेले. "अगं, बेबाबाईंचं घर गुलाबी आहे. मला वाटलं मातकट." मेहरूण तलावाकडे फिरायला गेले तर पाण्याकडे, आभाळाकडे, हिरव्या बाकांकडे बघून ते प्रत्येक रंगाचं नाव मोठ्यानं घ्यायला लागले. लोक वळून बघत होते. सुलक्षणाबाई शेजारून चालत होत्या, त्यांना लाज वाटत होती आणि गंमतही. त्यांच्या अंगावरची साडी नानांनी खास पसंत करून आणलेली तपकिरी साडी होती. नाना थबकले.

"ही जांभळी आहे?"

"पहिल्यापासून."

"मग मला बोलली काहून नाहीस?" नानांच्या तोंडात त्या आनंदात असोद्याची बोली आली.

"तुम्ही इतक्या कौतुकानं तपकिरी म्हणत होते. मंग म्हटलं राहू द्या."

एवढं सगळं दिसूनही एक गोष्ट नानांच्या डोक्यात आली नाही. ती आली थेट प्रदर्शनाच्या उद्घाटनाला.

काळा चष्मा लावून नाना शाळेच्या हॉलमध्ये शिरले. बरीच गर्दी होती. मधल्या टेबलाभोवती मुलांचं कोंडाळं होतं. वर खरोखरच मोठ्या अक्षरात त्यांचं नाव होतं. नाना पुढं झाले, चष्मा काढला आणि जागच्या जागी उभे राहिले.

टेबलावरची फौज निळी होती.

थोडीथोडकी नव्हे. पोळ्याच्या बैलाची शिंगं रंगवावीत तशी निळी. अंगरखे निळे, घोडे निळे, बिनचूक पांढरी म्हणून शपथेवर सांगितली असती ती पाच नाकंसुद्धा निळी. नानांनी डावा डोळा मिटला. उजव्या, जुन्या डोळ्याला फौज पांढरीशुभ्र दिसली. उजवा मिटून डावा उघडला, परत निळी. त्यांनी हे इतक्या वेळा केलं की समोरच्या एका बाईंनी नाराजीनं पदर सावरला.

आणि टेबलाच्या कडेला देवरे सरांनी स्वतः लिहिलेली पाटी होती. 'निळ्या अंगरख्यांचं दुर्मीळ पथक. पूर्वी आपल्या भागात नीळ होत असावी, त्यावरून या गणवेशाचा उगम खान्देशातला असण्याची शक्यता श्री. बऱ्हाटे यांच्या संशोधनातून पुढे येते.'

नानांनी सुलक्षणाबाईंचा दंड धरला. "तुला हे निळं दिसत होतं?"

"सगळ्यांना दिसत होतं."

"मग?"

"तुम्ही म्हणाले, पुस्तकं वाचली का. मी नव्हती वाचली."

लखीचंदशेठ म्हणाले, "मला वाटलं, असेल काहीतरी नवाबी. सोन्याचं विचारा तर सांगतो. घोडा निळा असतो की नाही, आपल्याला काय माहीत."

नाना देवरे सरांकडे गेले. त्यांना कोपऱ्यात घेऊन काय झालं ते सांगितलं. सर पांढरे पडले, हे नानांना आता अगदी स्पष्ट दिसलं.

"नाना, कुणाला बोलू नका," सर कुजबुजले. "माहितीपत्रक छापून झालंय. कॉलेजातल्या दोघी यावर निबंध लिहिणार आहेत. तुमची वाहवा चाललीय. आपलं आपल्यात ठेवू."

नानांना मोह झाला नाही असं नाही. हॉलमध्ये लोक त्यांच्याकडे बोट दाखवून कौतुकानं बोलत होते. गप्प बसणं हे काही अवघड काम नव्हतं. कॉलनीतली सगळी माणसं इतके दिवस गप्पच तर होती. पण उभ्या नोकरीत त्यांनी मीटरचा काटा चुकीचा दिसला तर चुकीचाच लिहिला होता, त्यासाठी साहेबांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. आणि त्या दोघी मुली बिचाऱ्या खऱ्या शाईनं खरा निबंध लिहिणार होत्या. सत्काराची शाल अंगावर पडली, त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा नाना माइकपुढे गेले.

"हे निळं पथक इतिहासात नव्हतं," ते म्हणाले. "ते माझ्या डाव्या डोळ्यात होतं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी ते काढलं."

देवरे सरांनी डोळे मिटले.

मग नानांनी सगळं सांगितलं. गालावरचा डोळा, रद्द केलेली लढाई, तूप, गाढव, चहा, करंगळी, बोनेटवरचा पंचनामा. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की लोक हसताहेत, पण ते हसणं बोचत नाहीये. पुढच्या रांगेतले एक आजोबा तर उपरण्यानं डोळे पुसत होते. भाषण संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यात शेवटी थांबल्या त्या सुलक्षणाबाईंच्या.

त्यानंतर टेबलाशी जी रांग लागली ती संध्याकाळपर्यंत हटली नाही. मुलं रुमाल उचलून तोफा बघत, सैनिक कुणाकडे बघतोय ते वाकून शोधत. आभाळाकडे बघणारा भालाईत सगळ्यात लोकप्रिय झाला. म्हातारी माणसं एक डोळा मिटून फौज बघत, मग दुसरा मिटून बघत, आणि दोन्ही वेळा निराळी दिसली की गंभीर चेहऱ्यानं नानांकडे डॉक्टर मेघांचा पत्ता मागत. फौज पुन्हा रंगवून देतो असं नाना म्हणाले तर मुलांनी एकमुखानं नकार दिला. त्या दोघी मुलींनी निबंधाचा विषय बदलून 'पाहणारा आणि इतिहास' असा केला.

देवरे सर मुख्याध्यापक राहिलेले होते. चूक दुरुस्त करण्याची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी जुनी पाटी काढली आणि सुवाच्य अक्षरात नवी लावली: 'मराठी फौजेचा मुक्काम. मांडणी: श्री. प्रेमराज बऱ्हाटे. रंगसंगती: त्यांचा डावा डोळा, शस्त्रक्रियेपूर्वी.'

निघताना सर गाडीपर्यंत सोडायला आले. "नाना, पुढच्या वर्षी लढाई करू या. मंडळाला शत्रूचं सैन्यही पाहिजे."

परतीच्या वाटेवर नाना खुशीत होते. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती आणि पांढरी दिसत होती, खरी पांढरी. एरंडोल जवळ आलं तेव्हा त्यांनी डावा डोळा मिटला आणि जुन्या डोळ्यानं शेतं बघितली. सगळीकडे मधासारखं पिवळसर ऊन पसरलेलं होतं. तेही काही वाईट नव्हतं.

"मी काय म्हणतो," ते मागं वळून म्हणाले, "उजव्या डोळ्याचं ऑपरेशन इतक्यात नको. आपली माणसं नव्या डोळ्यानं रंगवतो. शत्रूपुरता हा जुना ठेवू."

लखीचंदशेठांना हा विचार पटला. सुलक्षणाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"शत्रूचं काय ते डॉक्टरबाईंना सांगा," त्या म्हणाल्या. "गुरुवारची वेळ घेतली आहे मी."